आधी परकर, मग पदर

गेल्या अंकात ओघात लिहून गेले की साडीवर ब्लॉग लिहिता लिहिता मी परकर विकायला लागले आणि आज घर परकरांवर चालतं. त्यावर एकोणचाळीस पत्रं आली. त्यातल्या अकरा जणींना नुसता परकरच हवा होता. त्यांना परस्पर कळवलंय, कारण या पानावर स्वतःचा माल विकायचा नाही असं संपादकांशी ठरलंय. 'व्हिडिओ व्हायरल कसा करायचा' असं विचारणाऱ्या नऊ जणांची माफी मागते. ते मला ठाऊक असतं तर लिंबू रंगाचे नव्वद परकर दिवाणात कोंबून त्यावर झोपायची वेळ माझ्यावर आली नसती. उरलेल्यांतली सहा पत्रं घेते.

ताई, मी २३ वर्षांची आहे. बी.कॉम. झालंय, स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्न झाले. वर्षभर साडी आणि ब्लाउजच्या डिझाइनचे व्हिडिओ टाकते, इन्स्टाग्रामवर ४,२०० फॉलोअर आहेत. घरचे म्हणतात, आता पुरे. मला फॅशन ब्लॉगर म्हणूनच करिअर करायचंय. महिन्याला किती मिळतात आणि किती दिवसांनी मिळायला लागतात?
— एक वाचक, बार्शी

अगं, पैशाचं सरळ विचारलंस ते बरं केलंस. बाकीच्या जणी पानभर स्वप्नं लिहितात आणि पैशाचं शेवटच्या ओळीत लाजत विचारतात. तर माझी वहीच उघडते.

जुलै २०१२ मध्ये ब्लॉग सुरू केला तेव्हा मी पुण्यात एका पतसंस्थेत कॅशला बसायचे. पगार ११,५००. तिथे बायकांना साडीची सक्ती, आणि माझ्याकडे धड अशा साड्या सहाच. महिन्याचे सव्वीस दिवस त्याच सहा साड्या कुणाच्या डोळ्यांवर येऊ न देता कशा फिरवायच्या, हा माझ्या ब्लॉगचा विषय. दुसरा विषयच नव्हता. पहिल्या वर्षी जमा शून्य, खर्च ६,८००, म्हणजे जुन्या बाजारातला एक कॅमेरा. तेव्हा गुगलच्या जाहिराती मराठी ब्लॉगवर चालतच नसत. हिंदीला ती मुभा मिळाली डिसेंबर २०१४ मध्ये, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. दुसऱ्या वर्षी जमा ३,०००, एका दुकानाच्या दिवाळीतल्या दोन जाहिरातींचे. तिसऱ्या वर्षी ४१,०००, पण त्यातले ३३,००० परकरांचे.

परकर कुठून आले? एका पोस्टखाली कुणीतरी विचारलं, 'तुमची साडी खाली चापून बसते, आमचीच का फुगते?' मी म्हटलं, साडीचा दोष नाही, आतलं बघा. बाजारात मिळणारा परकर एकाच उंचीचा, आणि नाडी ओढली की कमरेला चुण्यांचा हा एवढा गोळा. आमच्याकडे इचलकरंजीला आई पॉपलिनचा सहा कळ्यांचा परकर शिवायची, ज्याच्या त्याच्या उंचीचा, वर चपटा, खाली घेराला मोकळा. तो दोरीवर वाळत घातला होता, त्याचाच फोटो काढून टाकला. सतरा जणींनी मागितला. पहिले दोन डझन आईने शिवले. कापड आणि शिलाई धरून एक पडला ११८ रुपयांना, विकला १८० ला, टपालखर्च वेगळा. मी साडी नेसून काढलेल्या शे-दीडशे फोटोंनी जे केलं नाही ते दोरीवरच्या परकराने केलं. वाईट वाटलं होतं तेव्हा, खोटं कशाला सांगू.

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. इटलीच्या कियारा फेराग्नीने २००९ मध्ये ब्लॉग काढला. नाव ब्लॉगने झालं, पण धंदा वाढला तो तिच्या नावाच्या बुटांवर आणि मालावर. २०१५ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने तिच्यावर केस स्टडी केली. मुंबईच्या मासूम मीनावालाने २०१० मध्ये ब्लॉगनेच सुरुवात केली आणि मग ॲक्सेसरीजचं ऑनलाइन दुकान थाटलं. ओट्यावर गप्पा मारायच्या, पण विकायला घरात काहीतरी असायला हवं ना.

आता तुझे ४,२००. ते ज्या ॲपवर आहेत ते ॲप तुझं नाही. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲप बंद केली, त्यात टिकटॉक होतं. लाखांनी माणसं जमवलेल्या पोरापोरींची जागा रातोरात गेली. ८ जुलैला इन्स्टाग्रामने रील्स आणलं, पण तिथे सगळ्यांनाच नव्याने मांडामांड करावी लागली. म्हणून माझ्याकडे अजून दोनशेपानी वही आहे. गिऱ्हाइकाचं नाव, फोन, कमर, उंची, शेवटचं काय घेतलं आणि कशावरून कुरकुरली. उद्या सगळी ॲप मिटली तरी ती वही घेऊन मी फोन फिरवू शकते.

नोकरी मी सोडली मार्च २०१७ मध्ये, म्हणजे चार वर्षं आठ महिन्यांनी. अट एकच घातली होती. सलग बारा महिने, सगळा खर्च जाऊन, हातात उरलेली रक्कम पगाराच्या वर असली पाहिजे. दोनदा दहाव्या महिन्यात गाडं अडलं. पुन्हा एकपासून मोजलं.

तू परीक्षेचा तिसरा प्रयत्न करावास की नाही हे मी कोण सांगणार. पण ब्लाउजच्या डिझाइनवर बोलायचं असेल तर बार्शीतली चांगल्या हाताची एखादी ब्लाउजवाली शोध आणि सहा महिने तिच्याकडे हूक-काजं करायला बस. बाही मुंढ्यात का ओढते, कटोरी कुणाला बसत नाही, अस्तर आधी भिजवलं नाही तर पहिल्या धुण्यात काय होतं, हे तुला तिथे कळेल. पाठीवरच्या गळ्यांचे फोटो सगळ्याच टाकतात. बाही का ओढते हे सांगणारी मला अजून भेटायचीय.

एका दुकानाने मला तीन साड्या भेट पाठवल्या, किंमत साधारण २७,०००. नेसून व्हिडिओ टाकायचा, पण 'जाहिरात' असं लिहायचं नाही, त्याने व्हिडिओ कमी लोकांपर्यंत जातो असं ते म्हणतात. पैसे घेतलेले नाहीत, मग लिहायची गरज आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आहे. नियमाचं आधी उरकते. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे ॲस्कीचे, इन्फ्लुएन्सर मंडळींसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तेच बजावलंय. फुकट मिळालेली वस्तूही त्यात धरली जाते. सोप्या शब्दांत, लोकांना दिसेल अशा जागी सांगायचं. हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी दडवलेलं चालत नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि काही काळ जाहिरात करायलाच बंदी येऊ शकते. शिवाय प्राप्तिकर. १ जुलै २०२२ पासून एकाच व्यावसायिकाकडून वर्षात २०,००० च्या वर वस्तू मिळाल्या तर देणाऱ्याने दहा टक्के कर कापायचा असतो. व्हिडिओ करून साड्या परत केल्यात तर तो प्रश्न येत नाही. ठेवल्यात तर ते उत्पन्नच. साडीच्या घडीत नोटा नव्हत्या एवढाच काय तो फरक.

पण मी 'आहे' म्हणते ते दंडाच्या भीतीने नाही. २०१५ मध्ये माझ्या हातून एक झालंय, ते सांगते.

एका दुकानाने सुती साडी पाठवली. मोरपंखी अंग, गंजाच्या रंगाचे काठ. किंमत २,४०० आणि सोबत ५,००० चा धनादेश. तोपर्यंतची माझी सगळ्यात मोठी कमाई. मालक म्हणाला, 'मॅडम, हातमाग आहे, तेवढं आवर्जून लिहा.' मी लिहिलं. आणि मी कोण? इचलकरंजीच्या जॉबरची मुलगी. आमचं अख्खं गाव यंत्रमागावर, वडिलांची हयात बीम भरण्यात आणि बिघडलेला माग चालू करण्यात गेली. मला कळायला नको होतं? खरं सांगायचं तर हात लावल्यावर शंका आली होती. धनादेश बँकेत भरून आले होते, म्हणून शंका मागे ढकलली.

गणपतीला गावी ती साडी नेसले. वडिलांनी काठ चिमटीत धरला, बोलले काही नाहीत. आत जाऊन पिक ग्लास घेऊन आले. काडेपेटीएवढं पितळी भिंग असतं, उघडलं की खाली इंचाची चौकट. त्यातून आडवे धागे मोजतात. आमच्याकडे मजुरी या धाग्यांवर, म्हणजे 'पिका'वर ठरते, म्हणून प्रत्येकाकडे ते असतंच. मला खुर्चीवर बसवून माझ्या अंगावरच्या साडीचे तीन ठिकाणी धागे मोजले. पदराजवळ, मध्ये, निऱ्यांत. सुईच्या टोकाने एकेक धागा सरकवत, ओठ हलवत. बावन्न. बावन्न. बावन्न.

'हाताला एवढं पाठांतर नसतं,' एवढंच म्हणाले आणि भिंग मिटून खिशात घातलं.

हातमागावर विणकर दमतो, चहा पिऊन येतो, ठोका कधी हलका पडतो कधी जोराचा. इथे अठ्ठेचाळीस निघाले तर हातभर पुढे पन्नास निघतात. सहा वार सारखे बावन्न म्हणजे यंत्र. यंत्रमाग वाईट असतो असं नाही हं, त्यानेच मला शिकवलंय. पण सात-आठशेची साडी २,४०० ला हातमाग म्हणून विकली जाते, आणि मधे मी उभी असते.

ब्लॉगवर चूक कबूल केली. माझं वाचून अकरा जणींनी ती साडी घेतली होती. दुकानाने परत घ्यायला नकार दिला. मग त्या ५,००० मध्ये घरचे भर घालून प्रत्येकीला ७०० रुपये मनिऑर्डरने पाठवले, एकूण ७,७००. दोघींनी परत केले. पुढचं वर्षभर एकाही दुकानाची जाहिरात आली नाही, बहुधा आपसात बोलले असावेत. त्या अकराजणींपैकी नऊ अजून वहीत आहेत. एकीने गेल्या महिन्यात सुनेसाठी सहा परकर नेले.

वर जिचं नाव घेतलं त्या कियारा फेराग्नीचंही बघा. डिसेंबर २०२३ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने तिच्या कंपन्यांना मिळून दहा लाख युरोंच्या वर दंड केला. तिच्या नावाचा नाताळचा केक घेतला की आजारी मुलांच्या रुग्णालयाला मदत होते असा लोकांचा समज करून दिला होता. प्रत्यक्षात केकवाल्या कंपनीने ५०,००० युरोंची देणगी आधीच देऊन टाकली होती, केक कितीही खपोत.

तर दुकानाला कळवा, 'जाहिरात' असं पहिल्याच ओळीत लिहीन. नको म्हणाले तर साड्या घडी न मोडता परत करा आणि पावती जपून ठेवा.

खणाच्या साड्यांना मागणी बघून चाळीस साड्या आणल्या आणि व्हॉट्सॲपवर विकायला लागले. कॅश ऑन डिलिव्हरीने एकोणीस गेल्या, त्यातल्या आठ परत आल्या. कुरिअरवाला आरटीओचे पैसे लावतो ते वेगळेच. हिशेब जमत नाही. गोव्यातून खूप मागणी आहे, तिकडे पाठवू का?
— एक वाचक, रत्नागिरी

आरटीओ! मला पहिल्यांदा बिलात तो शब्द दिसला तेव्हा वाटलं कुरिअरची गाडी आरटीओने पकडली आणि दंड माझ्या माथी मारला. भांडायलाही गेले होते. ते म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन', गिऱ्हाइकाने न घेतलेलं पार्सल धन्याकडे परत. जातानाचं भाडं तुमचं, येतानाचंही तुमचंच.

यावर मला एकच औषध लागू पडलं. ऑर्डर आली की शंभर रुपये आगाऊ. बाकीचे दारात द्या. ते मागायच्या आधी माझी पाचातली एक परत यायची, आता शंभरात दोन येतात. शंभर रुपयांना जी 'बघते, सांगते' म्हणते ती दारातही तेच म्हणणार होती.

दुसरं, खोकं फेका. कुरिअरवाले वजन दोन तऱ्हांनी काढतात, काट्यावर आणि आकारमानावर, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायची. तुमची साडी काट्यावर साडेचारशे ग्रॅम. ३० बाय २५ बाय ८ च्या सुंदर खोक्यात घातलीत की झाली १ किलो २०० ग्रॅम. तीच सपाट घडी करून ३ सेंटिमीटर जाडीच्या पिशवीत घातलीत तर साडेचारशेच राहते. मी सात महिने खोक्यातली हवा पाठवत होते आणि तिचं भाडं भरत होते.

गोव्याला पाठवायचं तर बांदा ओलांडलं की तो आंतरराज्य व्यवहार होतो, आणि आपण स्वतः दुसऱ्या राज्यात माल विकत असलो तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नोंदणी लागते. चाळीस लाखांची सवलत राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यांना आहे. मला हे बेळगावच्या गिऱ्हाइकांमुळे कळलं. इचलकरंजीहून बेळगाव म्हणजे आम्हाला शेजारचं गाव, पण कर त्याला परराज्य मानतो. हातमागासारख्या हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे, तुमच्या साड्या त्यात बसतात का ते सनदी लेखापालाला विचारा. एकदाचे पैसे जातील, जाऊ देत.

आणि ताई, किंमत उघड लिहा हो. 'किंमत इनबॉक्समध्ये' हे वाचलं की माझं डोकं उठतं. भाजीवाली तरी असं करते का, की या इकडे, कानात भाव सांगते?

खणाचं एक लक्षात घ्या. खण म्हणजे मुळात चोळीचं कापड, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं, म्हणून अरुंद पन्ह्याचं. साडीएवढ्या पन्ह्याचा खण ही अलीकडची टूम आहे आणि बराचसा माल यंत्रमागावरचा असतो. टूम आहे तोवर विका, पण चाळीसच्या पुढे एकदम जाऊ नका. माझे लिंबू परकर आठवा. २०१९ च्या उन्हाळ्यात सगळ्यांना लिंबू रंग हवा होता. माल शिवून येईपर्यंत पावसाळा लागला.

माझ्या सुनेने हॉलचा स्टुडिओ केला आहे. दिवसभर रिंगसारखा दिवा लावून साड्या नेसते आणि सोडते. पाहुणे आले तरी सोफ्यावर बसायला जागा नाही. हे कुठवर चालायचं?
— एक सासूबाई, कराड

काकू, तिला एकदा विचारा, महिन्याचे किती येतात. आकडा सांगितला आणि तो खरा असला तर सोफा तुम्हीच सरकवा. सांगता आला नाही तर तिला पाच रुपयांची वही आणून द्या. आणि एक गंमत करून बघा. नऊवारी नेसताना तुम्ही काष्टा कसा घालता ते तिच्या त्या दिव्यापुढे दाखवा, बोलत बोलत, जसं स्वयंपाकघरात बोलता तसंच. माझ्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान माझं नाहीच, माझ्या आत्याचं आहे.

मी ४६ वर्षांची, अंगाने भरलेली. इंग्रजी बेताचं. मला साड्यांची आणि ब्लाउजच्या मापांची खूप आवड आणि माहितीही आहे. पण या वयात, या अंगाने कॅमेऱ्यापुढे उभं राहिलं तर लोक हसतील. मैत्रिणी फाल्गुनी नायर यांचं उदाहरण देतात.
— एक वाचक, डोंबिवली

मैत्रिणींना म्हणावं, ते उदाहरण पुरतं सांगा. फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणारी नायका सुरू केली हे खरं. पण त्याआधी त्या कोटक महिंद्राच्या गुंतवणूक बँकेत व्यवस्थापकीय संचालक होत्या. भांडवल कसं उभं करतात हे त्यांना इतरांना शिकवता आलं असतं. तुमची-माझी सुरुवात तिथून नाही, त्यामुळे त्यांच्याशी तुलना करून ना हुरळायचं, ना खचायचं.

अंगाचं म्हणाल तर मला विचारा काय खपतं. माझ्या परकरांत सगळ्यात आधी संपते ती चव्वेचाळीस आणि अठ्ठेचाळीस कमरेची थप्पी. कारण बाजारात ती मिळतच नाहीत, आणि मिळाली तर 'फ्री साइज' या नावाखाली अठ्ठावीस आणि अठ्ठेचाळीस एकाच नाडीत बांधतात. सडपातळ मुलगी साडी नेसून दाखवते तेव्हा चव्वेचाळीस कमरेच्या बाईला काय कळणार, निऱ्या सात घ्यायच्या की पाच? पोटावर काठ उलटतो तो कसा बसवायचा? तुम्हाला ते ठाऊक आहे. साडेपाच मीटरची साडी तुमच्या अंगाला गुंडाळून पदर कुठवर येतो, हे इंचांत सांगा. मराठीतच सांगा.

लोक हसतील, हो. मला एकाने लिहिलं होतं, 'काकू, पतसंस्थेचं व्याज सांगा.' मी खरंच सांगितलं, साडेनऊ टक्के.

आणि लगेच भांडवलाच्या मागे लागू नका. छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिचे हजार-दोन हजार मागणारा दिसला की दार लावून घ्या. मुद्रा योजनेत पहिल्या पायरीचं कर्ज पन्नास हजारांपर्यंत मिळतं. पण पहिल्या दोन डझनांना कर्ज लागू नये. लागलं तर मालच चुकीचा निवडला असं समजा.

आम्ही येवल्याचे पिढीजात विणकर. माझं वय २७. चांगली पैठणी उतरायला दीड-दोन महिने जातात, व्यापारी नेतो, त्याचा भाव तो ठरवतो. बहीण म्हणते स्वतः फोटो टाकून विक. मला कॅमेऱ्यापुढे बोलता येत नाही. आणि मागे फोटो टाकले होते, ते दुसऱ्यांनीच उचलून त्यावर सेमी पैठण्या विकल्या.
— एक विणकर वाचक, येवला

तुला अरे-तुरे करते, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस. या सगळ्या पत्रांत मला तुझा हेवा वाटला. आम्ही बाकीच्या सगळ्या दुसऱ्याने विणलेल्यावर बोलतो.

बोलू नकोस. फोन मागाच्या बाजूला ठेव आणि हात दाखव. बुट्टीच्या जागी छोट्या छोट्या कांड्यांनी एकेक रंग कसा भरतोस, एक रंग दुसऱ्यात कसा अडकवतोस, ते जवळून. मिनिटभर. दिवसाला किती बोटं पुढे सरकलं ते रोज पट्टी लावून दाखव. सोमवारी मोराचे पाय, गुरुवारी मान. दीड महिना का लागतो आणि हा भाव का, हे तुला कुणाला समजावून सांगावंच लागणार नाही.

मग साडी उलटी कर. खरी लढाई तिथे आहे. तुझ्या पैठणीचा मोर मागूनही मोरच दिसतो, तसाच स्वच्छ. यंत्रावरच्या सेमीला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात. जो तुझा फोटो चोरतो तो पुढची बाजू चोरतो. तू दर वेळी पुढची आणि मागची बाजू एकाच व्हिडिओत दाखव, आणि मागाच्या लाकडावर खडूने तुझं नाव, साडीचा नंबर, तारीख लिही, म्हणजे ते चौकटीत येतंच. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून तुझ्या नावाने नोंद होते, तुमच्या विणकरांच्या संघटनेत विचार. रेशीम अस्सल असल्याची सिल्क मार्कची खूण लाव. २,४०० च्या त्या साडीला यातलं काहीच नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

फोटो ट्यूबलाइटखाली काढू नकोस. धूपछाव रंगाची साडी तिथे मेल्यासारखी दिसते. सकाळी आठ-नऊला दारात धर, घडी जरा हलव, उभ्या ताण्याचा एक आणि आडव्या बाण्याचा एक असे दोन्ही रंग दिसू देत. गिऱ्हाइकाने घरी उघडल्यावर 'हा तो रंग नाही' म्हणायला जागा ठेवायची नाही.

व्यापाऱ्याला लगेच तोडू नकोस. तो भाव पाडतो हे खरं, पण रेशमाला उचलही तोच देत असेल ना? पहिल्या वर्षी चारातली एक साडी स्वतःची म्हणून विण. मागावर अर्धी असतानाच दाखव, तीस टक्के घेऊन नाव नोंदव. उरलेल्या तीन त्याच्या. त्या एकीची वही वेगळी ठेव. तुझे दिवस, आईने कांड्या भरल्या तिचे दिवस, सगळे लाव. आईची मजुरी कुणीच लावत नाही. माझ्या पहिल्या दोन डझन परकरांच्या ११८ रुपयांत आईची शिलाई मी धरली होती, पण तिला दिली पुढच्या दिवाळीला.

पहिला व्हिडिओ टाकलास की मला पाठव. त्यावर गाणं घालू नकोस. आमच्या गावातले माग एका दमात खडखडतात, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. तुझा मध्येच थांबतो, तू रंग बदलतोस, मग पुन्हा ठोका पडतो. ते थांबणं ऐकू आलं पाहिजे.